बांधावरची करवंदं : लागवडीपासून बरणीपर्यंत

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला पिकाला पाणी कसं द्यायचं हे कुणी शिकवायला नको. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वारणा यांच्या काठाने पिढ्यान्‌पिढ्या ऊस उभा आहे आणि पाट फोडायची सवय हातात मुरलेली आहे. करवंदाचा घात नेमका या सवयीने होतो. हौसेने आणलेलं रोप उसाच्या सरीशेजारी लावलं जातं, दर पाळीला त्यालाही पाणी मिळतं, पानं पिवळी पडतात, मुळं कुजतात. मग लोक म्हणतात, करवंद हे रानातलंच, शेतात येत नाही. येतं, आणि फार चांगलं येतं. त्याला पाण्याचा निचरा, भरपूर ऊन आणि पहिली दोन वर्षं थोडी राखण एवढंच लागतं. पश्चिमेकडच्या तालुक्यांत तर बांधाला आणि परड्याच्या कडेला याच्याइतकं उपयोगी झुडूप मला दुसरं दिसत नाही. कुंपण होतं, फळ मिळतं, माती धरून राहते आणि एकदा जीव धरला की खर्च जवळजवळ थांबतो.

ओळखीपुरतं थोडं. करवंदाचं झुडूप बारमाही हिरवं असतं. पानं जाड, चकचकीत, समोरासमोर. काटे जोडीने येतात आणि पुष्कळदा टोकाला दुभंगलेले असतात. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, कारण कण्हेर आणि सदाफुली ज्या कुळातल्या त्याच कुळातलं हे झुडूप आहे. शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरंडास. माघ-फाल्गुनात जाईसारखी पांढरी, सुवासिक फुलं येतात आणि वैशाखात फळ पिकतं. जांभ्याच्या सड्यावर, जिथे वारा झोडपतो आणि गुरं चरतात, तिथे जाळी कमरेच्या वर जात नाही. तीच दाट झाडीत शेजारच्या झाडावर रेलून दोन पुरुष उंच चढते. म्हणजे उंची किती ठेवायची हे बरंचसं तुमच्या हातात आहे.

जागा निवडताना

आधी जमीन बघा, रोप नंतर. पावसाळ्यात ज्या जागी सर थांबल्यावर तासाभरात पाणी निघून जातं, ती जागा करवंदाची. उतार, टेकाड, मुरमाड माळ, जांभ्याची लाल माती, दगडी बांध हे सगळं चालतं. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांत अशी जागा शोधावी लागत नाही. गगनबावड्यासारख्या ठिकाणी पाऊस प्रचंड पडतो, तरी तिथल्या डोंगरउतारावर करवंदाच्या जाळ्या भरभराटीला आलेल्या असतात. पाऊस किती पडतो याने करवंदाचं बिघडत नाही, पाणी मुळाशी थांबतं की नाही यावर सगळं ठरतं.

नदीकाठच्या काळ्या, खोल जमिनीत मात्र जपून. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात ज्या शेतात पाणी दिवसेंदिवस उभं होतं, तिथे करवंद लावूच नका. काळ्या जमिनीत लावायचंच असेल तर दीड-दोन फूट उंचीचा गादीवाफा किंवा मातीचा बांध घालून त्याच्या माथ्यावर लावा. शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूचे लोक क्षारपड जमिनीबद्दल विचारतात. करवंद थोडाफार खारटपणा सोसतं, हे खरं. पण आपल्याकडची क्षारपड बहुतेक पाणी साचून झालेली आहे, तेव्हा चर काढून निचरा केल्याशिवाय तिथे हात घालू नये.

ऊन दिवसभर हवं. झाडाच्या सावलीत जाळी वाढते, हिरवीगार दिसते, पण फळ तुरळक धरतं. पायवाटेला अगदी लागून लावू नका. काटा लहान मुलांच्या डोळ्याच्या उंचीवर येतो. निदान चार फूट अंतर सोडा.

रोप कुठून आणायचं

तीन वाटा आहेत: बी, गुटी (फांदी झुडपावर असतानाच तिला मुळं फोडून केलेलं रोप) आणि रोपवाटिकेतलं जातिवंत रोप. कुंपणासाठी बी उत्तम. स्वस्त पडतं आणि बियांपासूनच्या झुडपाचं मूळ खोल जातं. मात्र बियाचं रोप आईसारखं निघेलच असं नाही. एखादं आंबट, एखादं गोड, एखाद्याचा गर लाल, एखाद्याचा पांढरा. लहानपणी करवंद फोडून लाल निघालं तर कोंबडा आणि पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. लागवडीतही तो फरक कामाला येतो. सरबत आणि जेलीला लाल गराचं फळ हवं; लोणच्याला कुठलंही चालतं. म्हणून वैशाखात फळं चाखत चाखत दोन-चार चांगल्या जाळ्या हेरून ठेवा. फळ टपोरं, बिया कमी, झुपका भरगच्च, असं जिथे दिसेल तिथलं बी घ्या.

बियाची एक अट आहे, ते ताजं हवं. करवंदाचं बी साठवलं की उगवणशक्ती झपाट्याने जाते. पूर्ण पिकलेली काळी फळं कुस्करा, गर राखेत किंवा वाळूत चोळून धुऊन काढा, चपट्या तपकिरी बिया एक-दोन दिवस सावलीत सुकवा आणि त्याच आठवड्यात पेरा. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू असं मिश्रण पाच बाय सात इंचांच्या पिशव्यांत भरा. पिशवीला खाली आणि बाजूला भोकं पाडा. प्रत्येक पिशवीत दोन बिया, अर्धा इंच खोलीपेक्षा कमी. साधारण तीन आठवड्यांत कोंब दिसतात. त्यानंतर मोठा पाऊस थेट पिशव्यांवर पडू देऊ नका. गोठ्याच्या पडवीत किंवा शेडनेटखाली ठेवा. पहिल्या पावसाळ्यात रोप फारच हळू वाढतं. घाई करून त्याच वर्षी रानात लावलेली रोपं गवतात हरवतात. एक वर्ष पिशवीत वाढू द्या आणि पुढच्या मृगाला लावा.

गुटी तेव्हा बांधायची, जेव्हा एखादी विशिष्ट जाळी जशीच्या तशी हवी असते. आषाढ-श्रावणात पेन्सिलीएवढी जाड, वर्षभर वयाची निरोगी फांदी घ्या. एका डोळ्याखाली इंचभर रुंदीची साल गोलाकार काढा. चीक वाहील, तो पुसून वाहायचा थांबेपर्यंत थोडं थांबा. वरच्या कडेला मूळ फुटण्याचं संजीवक लावा, ओलं करून पिळलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) भोवती बांधा आणि वर प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळा. दोन-तीन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. मग फांदी एकदम तोडू नका. आधी अर्धा छेद द्या, आठवड्याने पूर्ण कापा, पिशवीत लावा आणि सावलीत सांभाळा. सगळ्या गुट्या लागत नाहीत, तेव्हा गरजेपेक्षा जास्त बांधा. फांदीचे तुकडे नुसते मातीत खोचून करवंद घरगुती पातळीवर क्वचितच लागतं, त्यात वेळ घालवू नये.

विकत घ्यायचं तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात आपल्या हवेला जवळची आणि मोठ्या फळाची आहे. उत्तरेत पंतनगरच्या विद्यापीठाने काढलेल्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन', 'पंत सुवर्णा' या जातीही रोपवाटिकांत भेटतात. रोपवाटिकेत एक गोष्ट तपासा: पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल तर ते रोप सोडा. ते मूळ तुटतं आणि रोप वर्षभर रुसून बसतं.

मृगाची लागण

कुंपण करायचं असेल तर बांधाच्या कडेने दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर उन्हाळ्यात काढून ठेवा. दोन-तीन आठवडे ऊन खाऊ द्या. वरची माती आणि शेणखत मिसळून चर भरा आणि जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, म्हणजे माती बसल्यावर तिथे खळगा होणार नाही. रोपं अडीच ते तीन फुटांवर, शक्यतो दोन ओळींत, एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर येईल अशी लावा. एकाच ओळीची जाळी खालून विरळ राहते आणि शेळी तिथूनच डोकं घालते.

फळासाठी स्वतंत्र झुडपं हवी असतील तर दहा फूट बाय दहा फूट अंतर आणि दीड फुटाचे चौरस खड्डे पुरेत. जवळ लावली तर पाच-सहा वर्षांनी तोडणीला आत शिरताच येत नाही. खड्ड्यात एक-दोन पाट्या शेणखत टाका. रासायनिक खत लागणीच्या वेळी टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. या झुडपाला गरीब जमिनीत वाढायची सवय आहे. नत्र जास्त झालं की ते पानावर जातं आणि फळाला मागे हटतं.

मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले, जमीन खोलवर भिजली, की लावा. पश्चिम भागात आषाढातल्या झडीत लागण करू नका. भरलेली माती वाहून जाते. पूर्व भागात मृग कोरडा गेला तर आर्द्रापर्यंत थांबायला हरकत नाही. पिशवी फाडून मातीचा गड्डा न फोडता रोप बसवा, बुंध्याशी माती दाबा, आणि आळं करण्याऐवजी बुंध्याला मातीची भर द्या.

पहिले दोन उन्हाळे

पहिल्या दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं तेव्हा रोपाभोवती हातभर जागा खुरपून वाळलेला पालापाचोळा पसरा. उसाचं पाचट इथे फार उपयोगी पडतं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांनी एक बादली पाणी पुरतं. माती बोटभर खोल ओली लागत असेल तर तेही देऊ नका. तिसऱ्या वर्षापासून पाणी बंद. फळ पोसतं त्या चैत्रात एखाद-दुसरं पाणी दिलं तर फळ टपोरं होतं, पण ती चैन आहे, गरज नव्हे.

राखण मात्र हवीच. कोवळ्या रोपाला चीक असला तरी शेळ्या ते सोडत नाहीत. बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या दोन वर्षं भोवती रचून ठेवा. दुसरा धोका आगीचा. भाताच्या तरव्यासाठी (रोपांच्या वाफ्यासाठी) पालापाचोळा जाळून राब भाजताना किंवा डोंगराला वणवा लागतो तेव्हा जाळी नेमकी फुलाफळावर असते. बांधाच्या डोंगराकडच्या बाजूला सहा फूट रुंदीची पट्टी माघातच गवत काढून मोकळी करा. जुनी जाळी जळाली तरी बुडातून पुन्हा फुटते, पण त्या साली आणि बहुधा पुढच्याही साली फळ मिळत नाही.

कुंपण म्हणून किती भरवसा ठेवायचा? गुरं, शेळ्या आणि माणूस यांना पाच वर्षांची दाट जाळी अडवते. रानडुक्कर बुडातून वाट शोधतं, म्हणून खालची फांदी कधी छाटू नये. गव्यासाठी किंवा आजरा-चंदगडकडे येणाऱ्या हत्तीसाठी मात्र हे कुंपण नाही. तिथे करवंदाच्या जिवावर पीक सोडून निर्धास्त झोपू नये.

छाटणी

बहुतेकांचं फळ इथेच जातं. करवंदाची फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात. दिवाळीच्या साफसफाईत कोयत्याने कुंपण सारखं केलं की येणाऱ्या फुलांचे शेंडेच आपण उतरवतो. मग जाळी दिसायला देखणी आणि फळ शून्य. छाटणी करायची ती तोडणी संपल्यावर लगेच, म्हणजे ज्येष्ठाच्या शेवटाला किंवा श्रावणात पावसाने उघडीप दिली की. भाद्रपदानंतर कोयता खुंटीला टांगून ठेवा.

पहिल्या दोन वर्षांत शेंडा खुडत राहिलात तर जाळी बुडापासून दाट होते. पुढे दरवर्षी फक्त वाळलेल्या, आत वळलेल्या आणि वाटेवर आलेल्या फांद्या काढा. उंची चार-साडेचार फुटांवर ठेवली तर तोडणी सोपी जाते. हातात चामडी मोजे आणि पायात बूट घाला, चप्पल नको. काटा आत मोडला तर ठणकतो आणि पिकतो, तो त्याच दिवशी काढा. छाटलेल्या फांद्या जाळू नका, नव्या रोपांभोवती रचायला त्याच वापरा.

रोगराई फार नाही. संततधार पावसात पानांवर आणि फळांवर करप्याचे डाग दिसले तर गळलेली पानं-फळं उचलून खड्ड्यात पुरा आणि जाळीतून हवा खेळेल इतकी विरळणी करा. एखादं झुडूप अचानक मलूल झालं तर आधी बुंध्याशी पाणी साचतंय का ते पाहा. बहुतेक वेळा कारण तेच निघतं. दरवर्षी पावसाच्या तोंडावर पाटीभर शेणखत दिलं की पोट भरतं.

फळ उतरवताना

गुटीचं झुडूप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, बियाचं तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दाखवतं. भरात आल्यावर एका झुडपापासून तीन ते पाच किलो फळ मिळावं. सगळं फळ एकदम तयार होत नाही, आणि मला विचाराल तर हा त्याचा मोठा गुण आहे. चैत्राच्या सुमारास कडक हिरवं फळ लोणच्याला, त्यानंतर लाली चढलेलं जेलीला आणि वैशाखात काळंभोर झालेलं खायला आणि सरबताला. एकाच जाळीवर दीड-दोन महिने हात फिरवता येतो. वळवाचा पाऊस पडला की फळ फुगतं आणि त्याची गोडी खुलते. पण मृगाची झड लागली की तेच फळ सडून गळतं. म्हणून पिकलेलं फळ पावसासाठी राखून ठेवू नका.

सकाळी दव उतरल्यावर, देठासकट तोडा. देठ राहिला तर फळ जास्त टिकतं आणि चीक हाताला कमी लागतो. आधी हाताला खोबरेल चोळलं तर चीक नंतर सहज निघतो. हिरवं फळ आठवडाभर राहतं, काळं फळ जेमतेम दोन-तीन दिवस. पसरट पाटीत पानं घालून एक-दोन थरच ठेवा. खोल बुट्टीत खालचं फळ चेंबतं.

स्वतःची जाळी फळाला येईपर्यंत रानातली करवंदं आहेतच. मात्र राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तोडणी करू नका. दाजीपूरसकट हा भाग संरक्षित आहे आणि पश्चिम घाटाच्या ज्या ठिकाणांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत राधानगरीचाही समावेश आहे. गायरानात किंवा कुणाच्या मालकीच्या डोंगरात जाताना विचारून जा. अस्वल, उदमांजर, बुलबुल यांचंही हे अन्न आहे, तेव्हा जाळी ओरबाडून रिकामी करू नये आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला दाट जाळीत एकट्याने घुसू नये. करवंदाच्या काट्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेली झाडांची बियाणं गुरांपासून सुरक्षित उगवतात. उघड्या माळावर झाड परत येतं ते बऱ्याचदा अशा जाळीच्या पोटातून. फांदी तोडून फळ काढणारा माणूस उद्याचं झाडही तोडतो. पन्हाळा, आंबा घाट, गगनबावड्याच्या रस्त्यावर धनगरवाड्यांतल्या बायका पानाच्या द्रोणात करवंदं विकतात, त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. त्या द्रोणामागे दिवसभराचे काटे असतात.

स्वयंपाकघरात

चिकाचा बंदोबस्त आधी. कच्ची करवंदं देठ काढून मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा, मग चोळून धुवा. शिजवताना पातेल्याच्या कडेला चिकट थर चढतो तो घासणीने निघत नाही. तेलाचा बोळा फिरवा, मग साबण लावा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंड, तांबं, पितळ आणि साधं ॲल्युमिनियम या आंबटाला चालत नाही.

सगळ्यात सोपा पदार्थ खर्डा. दहा-बारा हिरव्या मिरच्या आणि सात-आठ लसूण पाकळ्या थोड्या शेंगतेलावर तव्यात डाग पडेपर्यंत भाजा. त्यात मूठभर हिरवी करवंदं चिरून, बिया काढून घाला, दोन मिनिटं परता, भाजलेले शेंगदाणे आणि मीठ घालून तव्यातच वाटीच्या बुडाने रगडा. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर लिंबाची आठवण होत नाही. आमटीतही चिंचेऐवजी आठ-दहा ठेचलेली करवंदं टाकून बघा. आंबटपणा अंगावर येत नाही, आमटीला एक तुरट धार येते.

लोणच्याला अर्धा किलो कडक हिरवी करवंदं घ्या. मिठाच्या पाण्यातून काढून कापडावर पूर्ण कोरडी करा, वरवंट्याने हलकीशी चेचा, जमतील तेवढ्या बिया काढा. ७५ ग्रॅम मीठ आणि चमचाभर हळद लावून रात्रभर झाकून ठेवा. सुटलेलं पाणी टाकू नका, त्यातच चव असते. दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम मोहरीची डाळ, ४० ग्रॅम लाल तिखट, तळून कुटलेली चमचाभर मेथी आणि हिंग मिसळा. तिखट साधं घ्या. आपली कांदा-लसणाची चटणी यात नको, कारण त्यातला कांदा-लसूण लोणचं टिकू देत नाही. १५० मिली तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करून ओता. कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरा, वर तेलाचा थर राहील असं बघा. पंधरा दिवसांत मुरतं.

गोड-तिखट हवं असेल तर मेथांबा. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळदीची फोडणी, त्यात अर्धा किलो बिया काढलेली करवंदं, झाकण ठेवून मऊ होऊ द्या. मग तेवढ्याच वजनाचा चिरलेला गूळ, मीठ आणि तिखट घालून मंद आचेवर दाट करा. भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ हाताशी असताना इथे साखर घालणं मला पटत नाही. गूळ मात्र आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, म्हणजे खडे राहत नाहीत.

जेलीवर थोडा वेळ थांबायला हवं, कारण करवंदाची जेली फार सुंदर लागते आणि तिला बाहेरून काही घालावं लागत नाही. जेली घट्ट करणारं पेक्टिन अर्धकच्च्या फळात भरपूर असतं, तर रंग आणि वास पिकलेल्या फळात. म्हणून तीन भाग लालसर आणि एक भाग काळं असं प्रमाण घ्या. एक किलो फळ चेचून, ते जेमतेम बुडेल इतकं पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटं उकळा. वर येणारा चिकट फेस काढत राहा. मलमलच्या दुहेरी कापडात ओतून रात्रभर टांगून ठेवा. कापड पिळू नका, पिळलं की जेली गढूळ होते. सकाळी रस मापून घ्या आणि एका वाटी रसाला पाऊण वाटी साखर, फळ फारच आंबट असेल तर एक वाटी. रुंद भांड्यात मोठ्या आचेवर उकळा. एका वेळी चार वाट्यांपेक्षा जास्त रस घेऊ नका, वेळ लांबला की पेक्टिन मोडतं.

कधी थांबायचं हे दोन तऱ्हांनी कळतं. चमच्यातून रस ओतला की आधी थेंब थेंब पडतो. तयार झाल्यावर दोन थेंब एकमेकांना मिळून चमच्याच्या कडेवरून पडद्यासारखे एकत्र निसटतात. थर्मामीटर असेल तर पुस्तकात १०५ अंश लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं माप आहे. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून आपल्याकडे १०३ ला जेली झाली समजा, पन्हाळ्यावर आणखी एक अंश आधी. १०५ ची वाट पाहिलीत तर हातात चिक्की येईल. गरम असतानाच उकळून वाळवलेल्या बाटल्यांत भरा आणि गार होईपर्यंत हलवू नका.

पिकलेल्या काळ्या करवंदांचं सरबत करताना बिया आधी काढून ठेवा. उकळलेलं बी उगवत नाही. एक किलो फळ अर्धा लिटर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा, चाळणीतून गाळा, जेवढा रस निघेल त्याच्या दीडपट साखर घालून एक उकळी आणा. गार झाल्यावर बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. प्यायला देताना एका भागाला चार भाग पाणी, चिमूट मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. रंगच असा येतो की पाहुणे आधी ग्लास उजेडात धरून बघतात.

उरलेली हिरवी करवंदं दोन फोडी करून, मीठ लावून कडक उन्हात वाळवून ठेवा. पावसाळ्यात आमटीला कामी येतात.

विकायचं ठरवलंत तर

ताजं फळ कपिलतीर्थ मार्केटला किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात नेताना काळं आणि हिरवं वेगळं करून न्या, मिसळलेल्या मालाला भाव मिळत नाही. ताज्या फळाचा हंगाम छोटा आणि नासाडी मोठी, त्यामुळे बचत गटाने मिळून लोणचं आणि जेली करण्यात जास्त अर्थ आहे. त्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालची एफएसएसएआय नोंदणी आधी करून घ्या, आणि बाटलीवर घटक, वजन, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ते लिहा. पहिल्या हंगामात एकच पदार्थ काढा, प्रत्येक घाण्यातली एक बाटली घरी ठेवा आणि ती महिन्या-महिन्याने उघडून रंग, वास, बुरशी तपासून वहीत नोंदवा. ती बाटली किती महिने टिकली ते पाहूनच पुढच्या वर्षीच्या लेबलवर मुदत छापा.